सरस

वडील पुस्तकं बांधायचे,
थेसालोनिकीत, मोदियानो मंडईच्या मागच्या गल्लीत.
तांब्याच्या भांड्यात कातड्याचा सरस
सकाळपासून मंद आचेवर.
उकळी फुटली की पकड गेली, म्हणायचे,
म्हणून राखणीला मी, सात वर्षांची, स्टुलावर.
वर्गात शेजारी कुणी बसत नसे.
माझ्या केसांना मेलेल्या बैलाचा वास यायचा.

पुढे एकतीस वर्षं मी मेंदूचे काप काढले
विद्यापीठाच्या तळघरात.
चाळीस मायक्रॉन. साय उचलावी तसा
ब्रशच्या टोकावर उचलायचा,
काचपट्टीवर निजवायचा, सुरकुती न पडू देता.
वरच्या मजल्यावर ते न्यूरॉन मोजायचे.
न्यूरॉनचं बरं असतं. सुई टोचली की टिकटिकतो,
पडद्यावर उड्या मारतो, आलेखात मावतो.
बाकी सगळ्याला एकच नाव: ग्लिया.
आमच्या जुन्या भाषेतला सरस.
तिकडे बघू नकोस, पहिल्याच दिवशी बजावलं त्यांनी,
ते नुसतं भरताड.

मी मान डोलावली.
पण पानं सुटी झालेलं पुस्तक
मी लहानपणीच पाहिलेलं होतं.

मग एका हिवाळ्यात, वार्दारीस वारा
तळघराची झडप वाजवत असताना,
नवा रंग आला आणि भरताड हिरवं पेटलं.
चांदण्या. प्रत्येकीचं आपापलं वावर,
बांधावर तेवढी बोटाला बोटं.
एक पाऊल रक्तवाहिनीवर रोवलेलं
आणि बाकीचे हात न्यूरॉनांच्या लाखो गाठीभेटींवर,
कुठे काय सांडलं, कुणाचं पोट रिकामं, बघत.
उंदराची चांदणी मी आधी पाहिली. नेटकी, खिशात मावेल अशी.
शेजारी ठेवला बरणी क्रमांक त्रेसष्टचा काप:
काव्हालाची बाई, तंबाखूच्या वखारीत जन्म गेलेला,
संमतीपत्रावर अंगठा.
तिची चांदणी भिंगाच्या कडेपर्यंत पसरलेली.
पत्त्यांत तिला कुणी हरवलं नाही कधी,
भाचा बरणीची पावती घेताना म्हणाला होता.
मी निष्कर्ष काढत नाही.
मी काप काढते.

त्या बोलतात, हे फार उशिरा कळलं.
विजेत बोलत नाहीत, म्हणून सुईला ऐकू आलं नाही.
कॅल्शियमची लाट एकीतून दुसरीत जाते, सावकाश,
न्यूरॉनच्या शंभर थापा होईतो
यांचा एक हुंकार.
त्यांच्यातल्या बारक्या, भटक्या काही
रात्रंदिवस गल्लोगल्ली फिरतात, नको त्या फांद्या खुडतात.
विचार नेमका कुठे होतो,
यावर वरच्या मजल्यावर अजून भांडण चालू आहे.
ऐकू येतं मला, पाइपातून.

निवृत्तीच्या दिवशी स्त्रातिसने भाषण केलं:
किरीया एवान्थिया या प्रयोगशाळेच्या ग्लिया आहेत!
टाळ्या. मी बुगात्सा खात होते,
साखर ब्लाउजवर सांडली.
एकोणीस वेळा पगारवाढ मागितली होती मी, स्त्रातिस.
शोधनिबंधाच्या शेवटी, बारीक टायपात, आभारात
माझं नाव दोनदा आलं.
एकदा चुकीचं.

आता झोप कमी झाली आहे.
ऐकलंय की झोपेत त्या पाण्याला वाट करून देतात,
दिवसभराचा गाळ धुऊन निघतो.
मी जागी राहते
तेव्हा त्या बादल्या घेऊन ताटकळत असतील.

वडिलांचं शेवटी अक्षर गेलं.
मग गल्ली गेली, मग माझं नाव.
मला ते बाई म्हणायचे, अदबीने.
एका दुपारी मी उगाच ते तांब्याचं भांडं काढलं,
जुना सरस भिजत घातला, गॅसवर ठेवला.
वास घरभर झाला.
खुर्चीतून त्यांनी बोट उचललं,
भांड्याकडे न बघता म्हणाले,
उकळू देऊ नकोस.

मी गॅस बारीक केला.